झोपेतला श्वासरोध : निदानाला केवढा काटा लागतो?

माझे थोरले काका बार्शीला आडतीचा व्यवसाय करतात. तुरीचे चार दाणे तळहातावर घेऊन मालातला ओलावा सांगणारा हा माणूस दुपारी गादीवर टेकला की बोलता बोलता पेंगू लागे. नोकर आवाज खाली आणीत, मुनीमजी गिऱ्हाइकाला खुणेनेच बसवून घेत. प्रवचनात तर पहिल्या दहा मिनिटांत त्यांची मान छातीवर येई आणि घरी परतल्यावर नातवंडे त्यांची नक्कल करीत. 'दिवसभर राबणाऱ्याला झोप यायचीच' असे म्हणून आम्ही सर्वांनी हा विषय कितीतरी वर्षे हसण्यावारी नेला.

हसणे थांबले ते एका फाल्गुनातल्या पहाटे. वसुली आटोपून काका टेंभुर्णीच्या बाजूने घरी परतत होते. गाडी स्वतःच चालवीत होते. रस्ता सरळ, रहदारी नाही. गाडी रस्ता सोडून उसाच्या फडात शिरली. दैव बलवत्तर म्हणून मनगट मोडण्यावर निभावले. नंतर माझा चुलतभाऊ ती जागा पाहून आला, तेव्हा रस्त्यावर ब्रेकचा ओरखडासुद्धा नव्हता. काकांना एका पुलाचा कठडा आठवत होता आणि त्यानंतर एकदम काचेवर आलेली उसाची पाने. मधले काहीच नाही.

मनगटाला प्लास्टर घालणाऱ्या तरुण डॉक्टरांनी काकांना काही न विचारता काकींना विचारले, "हे झोपेत घोरतात का?" काकींनी दिलेले उत्तर मी विसरणार नाही. त्या म्हणाल्या, "घोरण्याने मला जाग येत नाही, डॉक्टरसाहेब. घोरणे थांबले की येते."

त्या एका वाक्यात निदानाचा निम्मा भाग होता. झोप लागली की शरीराचे सर्व स्नायू सैलावतात, तसे घशाचेही सैलावतात. काही माणसांत पडजीभ, मऊ टाळू व जिभेचा मागचा भाग इतका मागे कोसळतो की श्वासमार्ग अरुंद होतो किंवा पूर्ण बंद पडतो. अरुंद झालेल्या मार्गातून हवा जाताना जो आवाज होतो ते घोरणे. मार्ग बंद पडला की होते ती शांतता. छाती श्वास ओढण्याची धडपड करीत राहते, पण हवा आत जात नाही. रक्तातला प्राणवायू उतरू लागतो. मग मेंदू क्षणभर जागा होऊन घशाच्या स्नायूंना चाळवतो, मोठा सुस्कारा येतो आणि पुन्हा झोप लागते. झोपणाऱ्याला यातले काही आठवत नाही. असे तासात वीस-तीस वेळा घडले, तर आठ तास अंथरुणात घालवूनही माणूस सकाळी थकलेलाच उठतो. वैद्यकात यास 'ऑब्स्ट्रक्टिव्ह स्लीप अ‍ॅप्निया' म्हणतात. आपण त्याला झोपेतला श्वासरोध म्हणू.

हा विकार आपल्याकडे दुर्मीळ नाही. मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयात नेहमीच्या आरोग्य-तपासणीसाठी आलेल्या ३५ ते ६५ वयाच्या पुरुषांचा अभ्यास डॉ. झरीर उदवाडिया व त्यांच्या सहकाऱ्यांनी केला. २००४ साली तो प्रसिद्ध झाला. झोपेत श्वास अडण्याचा दोष सुमारे साडेएकोणीस टक्क्यांत आढळला आणि दिवसा येणाऱ्या अनावर झोपेसह पूर्ण विकार साडेसात टक्क्यांत. ही माणसे आजारी म्हणून आलेली नव्हती, हे ध्यानात घ्यावे. बसून काम, वाढलेले पोट, जाड मान आणि वाढता रक्तदाब हे सगळे आमच्या बाजारपेठेत दर तिसऱ्या गादीवर दिसते.

काकांचे निदान तर्काने झाले होते. पण उपचार सुरू करण्यापूर्वी तपासणी हवी, आणि तिथेच गाडे अडले. पुण्याच्या एका रुग्णालयाने निद्रा-तपासणीची तारीख अडीच महिन्यांनंतरची दिली. खर्चही थोडाथोडका नव्हता. त्यात काकांनी हट्ट धरला, "डोक्याला तारा लावून परक्या खोलीत निजायचे आणि वर म्हणायचे की नेहमीसारखी झोप घ्या! हा कुठला न्याय?" पहिली तारीख त्यांनी लग्नसराईचे निमित्त करून टाळली, दुसरी सुगीचे. या सगळ्या काळात गाडी मात्र तेच चालवीत होते. दर खेपेला ते घरी येईपर्यंत काकी जप करीत ओसरीवर बसलेल्या असत.

काकांची तक्रार अगदीच गैरवाजवी नव्हती. पॉलिसोम्नोग्राफी या नावाची ही तपासणी खरोखरच भारी असते. मेंदूच्या लहरी, डोळ्यांची हालचाल, हनुवटी व पायांच्या स्नायूंचा ताण, हृदयाचा आलेख, नाकातून वाहणारी हवा, छाती-पोटाची हालचाल, रक्तातला प्राणवायू, झोपण्याची कूस असे सारे रात्रभर नोंदले जाते आणि तंत्रज्ञ शेजारच्या खोलीत बसून लक्ष ठेवतो. श्वास किमान दहा सेकंद बंद पडला किंवा बराच उथळ झाला, अशा घटना दर तासाला किती, हे मोजून अंक काढतात. पाचपेक्षा कमी म्हणजे सर्वसाधारण, पाच ते पंधरा सौम्य, पंधरा ते तीस मध्यम, तिसाच्या पुढे तीव्र. या तपासणीइतके तपशीलवार दुसरे काही नाही, याबद्दल वाद नाही.

पण व्यापाऱ्याच्या घरात वाढलेल्या माणसाला एक गोष्ट पटकन कळते. सोन्याचा काटा गुंजेचाही फरक दाखवतो म्हणून धान्याचे पोते कोणी त्यावर चढवीत नाही. पोत्याला पोत्याचा काटा पुरतो, फक्त तो खरा हवा. प्रश्न असा, की 'या माणसावर उपचार करावा की नाही' एवढे ठरवायला कोणता काटा पुरे आहे?

हा प्रश्न डॉक्टरांनी स्वतःच विचारला आणि त्याची परीक्षाही घेतली. कॅनडातील व्हँकुव्हर येथे ज्यांच्यात विकाराची शक्यता फार मोठी होती अशा ६८ रुग्णांचे दोन गट केले गेले. एका गटाला प्रयोगशाळेची पूर्ण तपासणी. दुसऱ्या गटाचे निदान प्रश्नावली आणि घरी रात्रभर बोटाला लावलेल्या ऑक्सिमीटरवरून, आणि उपचाराचे यंत्रही घरच्या घरीच जुळवून दिलेले. तीन महिन्यांनी दोन्ही गटांतला सुधार सारखाच होता. यंत्र नेमाने वापरण्यात तर दुसरा गट थोडा सरसच ठरला. हा अभ्यास २००७ चा. पुढे स्पेनमधील १२ रुग्णालयांनी ४३० रुग्णांवर अशीच तुलना केली. तिचा निष्कर्ष २०१७ मध्ये आला : घरी केलेल्या श्वसन-नोंदीवरून उपचार ठरवलेल्यांची दिवसाची झोप सहा महिन्यांत प्रयोगशाळेतल्या गटाइतकीच कमी झाली आणि खर्च कमी आला.

मला स्वतःला सर्वांत बोलका वाटला तो त्याच वर्षी प्रसिद्ध झालेला ऑस्ट्रेलियाचा प्रयोग. त्यात ४०६ रुग्ण होते. तीन गट केले, पण खुबी अशी की गटांतला फरक डॉक्टरांच्या टेबलावर होता. एका गटाच्या डॉक्टरांपुढे पूर्ण तपासणीची सर्व नोंद ठेवली. दुसऱ्या गटात मेंदूच्या लहरी वगळून हवेचा प्रवाह, छाती-पोटाचे पट्टे, कूस, हृदयाचा आलेख व प्राणवायू एवढेच दाखवले. तिसऱ्या गटात फक्त प्राणवायू आणि नाडीचे ठोके. त्यावरून डॉक्टरांनी निर्णय घ्यायचा, आणि चार महिन्यांनी रुग्णाचे कसे चालले आहे ते पाहायचे. मधल्या गटाचे रुग्ण पहिल्या गटाच्या बरोबरीने सुधारले. डॉक्टरांना मेंदूच्या लहरी दिसल्या नाहीत म्हणून रुग्णाचे काही अडले नाही. तिसऱ्या गटात मात्र दिवसाची पेंग तितकी कमी झाली नाही, यंत्राचा वापर कमी राहिला, आणि डॉक्टरांनाही आपल्या निदानाची खात्री कमी वाटत होती.

म्हणजे साधेपणालाही एक मर्यादा आहे. तारा कमी केल्या तरी चालते. पण हवा आत जाते की नाही आणि छाती धडपडते की नाही, हे दोन्ही पाहणारा काटा हातचा सोडू नये. व्हँकुव्हरला केवळ ऑक्सिमीटरवर भागले, कारण तिथे प्रश्नावली लावून पक्की शक्यता असलेलेच रुग्ण निवडलेले होते. सरसकट येणाऱ्या प्रत्येकाला तेच माप लावता येत नाही.

काकांचे गाडे पुढे सरकले ते असेच. बार्शीच्या आमच्या डॉक्टरांनी एका छातीविकारतज्ज्ञांशी बोलून घरच्या तपासणीचे यंत्र मागवले. विड्याच्या डब्याएवढी पेटी छातीवरच्या पट्ट्यात अडकवायची, नाकाशी एक बारीक नळी, बोटाला एक चिमटा. काका आपल्याच पलंगावर, आपल्याच उशीवर झोपले. पहाटे तीनच्या सुमारास बोटाचा चिमटा निसटला, तो काकींनी पुन्हा लावला. सकाळी पेटी परत गेली आणि दोन दिवसांत अहवाल आला : दर तासाला ४१ वेळा श्वास अडतो, प्राणवायू खाली ७४ टक्क्यांपर्यंत उतरतो. अहवाल वाचून काका बराच वेळ काही बोलले नाहीत. एवढेच विचारले, "म्हणजे तासाला एक्केचाळीस वेळा ही जागी होत होती?" आणि त्यांनी काकींकडे पाहिले.

घरच्या तपासणीच्या उणिवा सांगितल्याशिवाय पुढे जाणे प्रामाणिकपणाचे नाही. मेंदूच्या लहरी नोंदल्या जात नसल्याने माणूस खरोखर किती वेळ झोपला हे यंत्राला कळत नाही. ते एकूण नोंदीच्या तासांनी भागते. त्यामुळे रात्री तळमळत पडलेल्याचा अंक खऱ्यापेक्षा कमी येऊ शकतो. प्राणवायू फारसा न उतरता केवळ झोपमोड करणाऱ्या घटनाही तिच्या नजरेतून सुटतात. म्हणून घरच्या तपासणीत 'आहे' असे आले तर त्यावर भिस्त ठेवावी. 'नाही' असे आले आणि लक्षणे मात्र बोलकी असतील, तर प्रयोगशाळेत जावेच लागेल. अमेरिकेतील निद्राविज्ञान अकादमीने २०१७ साली दिलेल्या सूचनाही याच वळणाच्या आहेत. ज्यांना हृदयाचा वा फुप्फुसाचा मोठा आजार आहे, पक्षाघात होऊन गेला आहे, स्नायू दुर्बळ करणारा विकार आहे, अफूजन्य वेदनाशामके दीर्घकाळ चालू आहेत किंवा तीव्र निद्रानाश आहे, त्यांनी थेट पूर्ण तपासणीच करून घ्यावी असे त्या सांगतात. आपल्या घरातील वडीलधाऱ्यांपैकी पुष्कळजण या यादीत बसतील, त्यामुळे स्वस्त पडते म्हणून प्रत्येकासाठी पेटी मागवू नये.

तपासणीच्याही आधीची पायरी म्हणजे प्रश्न. दोन प्रश्नावल्या जगभर वापरल्या जातात. पहिली टोरंटोच्या भूलतज्ज्ञ फ्रान्सिस चुंग यांची, २००८ ची, 'स्टॉप-बँग' या नावाची. मोठ्याने घोरता का, दिवसा थकवा वाटतो का, झोपेत श्वास थांबलेला कोणी पाहिला आहे का, रक्तदाब आहे का. आणि मग वजन, पन्नाशीपुढील वय, मानेचा घेर, पुरुष असणे. प्रत्येक 'हो'ला एक गुण. पाच किंवा अधिक गुण म्हणजे शक्यता मोठी. ही प्रश्नावली शस्त्रक्रियेपूर्वीच्या रुग्णांसाठी तयार झाली होती, हे मुद्दाम सांगतो. कारण श्वासरोध असलेल्याला भूल देताना अधिक काळजी घ्यावी लागते. घरात कोणाचे मोतीबिंदूखेरीज दुसरे काही ऑपरेशन ठरले असेल, तर घोरण्याची गोष्ट भूलतज्ज्ञांच्या कानावर घालावी. वजनाची अट मात्र त्यात पाश्चात्त्य बांध्याच्या मानाने आहे. आपल्याकडे त्याहून बारीक माणसांतही हा विकार आढळतो.

दुसरी प्रश्नावली मेलबर्नच्या डॉ. मरे जॉन्स यांची. १९९१ साली त्यांनी ती आपल्या एपवर्थ रुग्णालयाच्या नावाने प्रसिद्ध केली. आठ प्रसंग दिलेले असतात आणि त्यांत डुलकी लागण्याची शक्यता शून्य ते तीनमध्ये सांगायची असते : वाचताना, दूरचित्रवाणी पाहताना, गाडीत तासभर शेजारी बसून जाताना, कोणाशी बोलत असताना वगैरे. 'सार्वजनिक ठिकाणी स्वस्थ बसलेले असताना' या प्रश्नावर काकींनी हात जोडून उपाश्रयाच्या दिशेने पाहिले. 'मद्य न घेता दुपारच्या जेवणानंतर' या प्रश्नातली अट आपल्या घरांत सांगावी लागत नाही. चोवीसपैकी दहाच्या वर गुण गेले की दिवसाची झोप प्रमाणाबाहेर आहे असे समजतात. काकांनी स्वतः भरलेल्या कागदावर सात गुण आले. काकींनी भरलेल्या कागदावर सोळा. डॉक्टरांनी दुसरा कागद फाइलला लावला. केवळ प्रश्नावलीवरून निदान पक्के करू नये, हेही तज्ज्ञ बजावतात. तपासणी कोणाची आधी करायची आणि कोणती करायची, एवढे तिने ठरते.

इथे स्त्रियांविषयी लिहिणे भाग आहे. पुरुषाचे घोरणे घरभर ऐकू जाते आणि पत्नी साक्षीदार असते. स्त्रीच्या बाबतीत घोरण्याऐवजी सततचा थकवा, सकाळची डोकेदुखी, तुटक झोप, चिडचिड अशी लक्षणे पुढे येतात आणि ती 'घरकामाचा शीण' किंवा 'मनाचे' म्हणून खपून जातात. रजोनिवृत्तीनंतर स्त्रियांतही हे प्रमाण वाढते. सासूबाई दुपारी माळ हातात घेऊनच पेंगतात, हे सून पाहत असते. पण त्याची नोंद डॉक्टरांपर्यंत कोण नेणार?

आता मनगटावरच्या घड्याळांविषयी, कारण हा प्रश्न तरुण मंडळी हमखास विचारतात. २०२४ मध्ये अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने सॅमसंग आणि अ‍ॅपल या कंपन्यांच्या घड्याळांतील श्वासरोधाची शक्यता सुचवणाऱ्या सोयींना मान्यता दिली. हे घड्याळ सावध करते, निदान करीत नाही. त्याने इशारा दिला तर डॉक्टरांकडे जावे. त्याने काही म्हटले नाही म्हणून काकींसारख्या साक्षीदाराचे म्हणणे खोटे ठरत नाही.

उपचाराचे मुख्य साधन सीपॅप. सिडनीचे डॉ. कॉलिन सुलिव्हन यांनी ते शोधले आणि १९८१ साली प्रसिद्ध केले. सुरुवातीचे यंत्र त्यांनी व्हॅक्यूम क्लीनरची मोटर उलट्या दिशेने वापरून बनवले होते. मुखवट्यातून सतत हलक्या दाबाची हवा येते आणि कोसळणारा घसा उघडा राहतो. सौम्य वा मध्यम विकारात खालचा जबडा पुढे धरणारे दंतसाधनही चालते. काहींचा श्वास उताणे झोपल्यावरच अडतो, त्यांना कुशीवर झोपण्याची सवय उपयोगी पडते. वजनाचा संबंध तर थेट आहे : अमेरिकेतील विस्कॉन्सिनच्या दीर्घ पाहणीत वजन दहा टक्क्यांनी घटलेल्यांत श्वास अडण्याचे प्रमाण सुमारे २६ टक्क्यांनी कमी झालेले दिसले. सूर्यास्तापूर्वी जेवण्याचा नेम पोटाला हलका ठेवतो, पण तो पाळणाऱ्याला हा विकार होत नाही अशा भ्रमात राहू नये. काका तीस वर्षे चौविहार करतात.

उपचाराकडून अपेक्षाही योग्य त्याच ठेवाव्यात. आधीच हृदयविकार किंवा पक्षाघात झालेल्या सुमारे २७०० रुग्णांवरील एका मोठ्या चाचणीत सीपॅपमुळे पुढचे झटके कमी झाल्याचे दिसले नाही. तिचा निष्कर्ष २०१६ मध्ये आला. यंत्राचा वापर सरासरी रात्री साडेतीन तासांच्याही आतच झाला होता, हे त्यातले एक कारण असू शकेल. पण त्या चाचणीतही पेंग, घोरणे आणि मनःस्थिती यांत स्पष्ट सुधारणा होती. माझ्या मते उपचार ठरवताना अंकाइतकेच हेही तोलावे : माणूस दिवसा कसा आहे, गाडी चालवतो का, रक्तदाब औषधांनी आवरतो का. तासाला आठ वेळा श्वास अडणारा पण दिवसभर ताजातवाना असलेला गृहस्थ आणि तासाला अठरा वेळा अडणारा, रोज शंभर किलोमीटर गाडी हाकणारा व्यापारी यांना एका मापाने मोजता येणार नाही. निदान होऊन उपचार लागू पडेपर्यंत मात्र गाडीच्या किल्ल्या दुसऱ्याकडे द्याव्यात. आमच्या घरात हे सहा महिने उशिरा झाले.

डॉक्टरांकडे जाताना काय न्यावे, असे मला विचारले तर मी काकींची वही दाखवीन. अपघातानंतर त्यांनी जुन्या रोजमेळाच्या कोऱ्या पानांवर पंधरा रात्री नोंद ठेवली : किती वाजता जाग आली, घोरणे किती वेळ थांबले, काका कोणत्या कुशीवर होते, सकाळी डोके दुखले का, दुपारी किती वेळा डोळा लागला. सोबत नातवाने मोबाइलवर घेतलेले दोन मिनिटांचे चित्रण. तज्ज्ञांनी ती वही पानोपान वाचली.

यंत्र घरी आले तेव्हा पहिल्या आठवड्यात काकांनी ते तीनदा काढून फेकले. मुखवट्याचे माप बदलल्यावर जमले. मग एक वेगळीच अडचण निघाली. हवेला ओलावा देण्यासाठी यंत्राला पाण्याची एक डबी असते. रात्री पाणीही न घेणाऱ्या काकांना ती वाफ खटकू लागली. डॉक्टरांना विचारले तेव्हा ते म्हणाले, "डबी काढली तरी यंत्र चालते, घसा थोडा कोरडा पडेल एवढेच." काकांनी डबी धुऊन, पुसून कपाटात ठेवून दिली. वीज जाते म्हणून पलंगाशेजारी इन्व्हर्टरची जोडणी घेतली आहे. गेल्या कार्तिकात पालिताण्याला गेलो तेव्हा धर्मशाळेत खोली घेण्यापूर्वी त्यांनी आधी पाहिले ते पलंगाजवळचे सॉकेट.

काकींना अजून पहाटे तीनला जाग येते. त्या यंत्राची मंद घरघर ऐकतात आणि कूस बदलून पुन्हा झोपतात.